गप्प झालेलं फाटक

फाटक अकरा वर्षं ओरडत होतं. एका मंगळवारी ते गप्प झालं, आणि त्याची कुणी दखलही घेतली नाही. ओरडणाऱ्याकडे सगळे बघतात. गप्प बसलेल्याची चौकशी कोण करतो?

*

माशांच्या पेटीतलं पाणी उपसायची नळी. करंगळीपेक्षा बारीक, पारदर्शक, दोन हात लांब. हरवली.

*

एक पाय खाली दाबला जातो. त्या जागी दाबण्यासारखं काहीच नाही.

*

सिमेंटच्या फरशीवर खडूच्या रेघा. इथे टायर, इथे टेबल, इथे पंखा. जिच्या वर्कशॉपमध्ये या रेघा मारल्यात, तिला कुणी विचारलेलं नाही.

*

चढ. टोइंगचा ट्रक. मागे अडकवलेली रिकामी बस, पुढची चाकं हवेत. इंजिन जीव खाऊन गुरगुरतंय आणि ट्रक मागे येतोय. पुढे नाही, मागे.

काय झालं

कुणी मेलं नाही, हे आधी सांगून टाकू.

ट्रक चालवत होते गिअरकाका. चौतीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस. त्यांनी हँडब्रेक ओढला, दार उघडून उडी मारली आणि मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारला. ट्रक ठोकळ्यावर अर्धा चढला आणि थांबला. बसने तेवढ्यात एका दिव्याच्या खांबाला पाठ टेकवली. खांबाने मान टाकली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून जळाला होता. करपलेली साखर आणि तापलेलं रबर एकत्र केल्यावर येईल तसा वास रस्ताभर सुटला होता.

हे गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मालकांनी मिस्त्रिणीकडून वर्कशॉपची किल्ली काढून घेतली.

यार्डातल्या सहाही टोइंग ट्रकांची देखभाल मिस्त्रीण करायची. तिचं खरं नाव तिच्या लायसनवर होतं, बाकी कुणाच्या तोंडात नव्हतं. प्रत्येक ट्रकच्या दारात प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड असे आणि केलेलं काम ती त्यावर लिही. जळालेल्या ट्रकच्या कार्डावर आधी एक मोठी सर्व्हिस होती. गिअरबॉक्सचं सगळं तेल बदललं, गाळणी बदलली. त्यानंतर लागोपाठ पाच सोमवार एकच ओळ:

*तेल कमी. दोन लिटर घातलं.*

म्हणजे दहा लिटर. आणि जळाल्यावर गिअरबॉक्स उघडला तर आत पुन्हा दोन लिटर कमी. गळती कुठेही नाही. ट्रकचं पोट कोरडं ठणठणीत.

"मग तेल गेलं कुठे?" मालकांनी विचारलं.

उत्तर मालकांच्या मेहुण्याकडे तयारच होतं. त्याचं रस्त्यापलीकडे स्वतःचं गॅरेज होतं. "दाजी, गेलं कुठे काय विचारता? गाडीत आलंच कधी? कार्डावर ओतलं आणि डबे बाहेर विकले. माझ्याकडे गाड्या दिल्या असत्या तर ही वेळ आली असती का?"

शनिवारी विमा कंपनीचा माणूस येणार होता. संध्याकाळी पाचला अहवाल. अहवालात 'देखभाल खोटी' असे दोन शब्द पडले की विमा बुडणार, वर्कशॉप मेहुण्याकडे जाणार आणि मिस्त्रिणीचं लायसन रद्द होणार. त्यानंतर या धंद्यात तिला कुणी साधा नटसुद्धा फिरवू देणार नव्हतं.

विमा कंपनीचा माणूस बाई निघाला

वय साठीला टेकलेलं, गुडघे दुखरे. पिशवीत पांढऱ्या रुमालांचं आख्खं पाकीट.

"मी गाडीखाली जात नाही," बाईंनी आल्या आल्या जाहीर केलं. "एकदा गेले होते. चार जणांनी मला ओढून बाहेर काढलं. तेव्हापासून मी माणसांच्या खाली शिरते, ते सोपं पडतं."

मालक हसले नाहीत. मेहुणा जरा जास्त हसला.

आत येताना बाई फाटकापाशी थांबल्या होत्या. फाटक लोखंडी, दोन माणसं उंच, गंजाने पोपडे आलेलं. बाईंनी ते एका बोटाने ढकललं. ते लोण्यासारखं सरकलं. त्यांनी बिजागरीला रुमालाचं टोक लावलं, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

"काही सापडलं का मॅडम?" मेहुण्याने विचारलं होतं.

"घाम पुसला," बाई म्हणाल्या. कपाळ कोरडं होतं.

मालक

मालकांच्या खोलीत एक टेबल, एक फिरती खुर्ची आणि भिंतभर माशांची पेटी. मासे गुबगुबीत. पाणी मात्र हिरवट.

"पाणी बदलत नाही वाटतं?"

"कशाने बदलू? उपसायची नळी गेली. सहा आठवडे झाले. एकेक मासा पोटच्या पोरासारखा वाढवलाय मी. माझ्याच यार्डात माझीच नळी चोरीला जाते, तिथे दहा लिटर तेलाचं काय घेऊन बसलात!"

"कुणावर संशय?"

"मेहुण्यावर. त्याला दिसेल ते उचलायची सवय आहे. माझी बहीण... म्हणजे माझी नव्हे, त्याची बहीण तशीच आणली होती मी, पण ती गोष्ट वेगळी." मालकांनी घसा साफ केला. "हे अहवालात घेऊ नका."

"तेलाचं पिंप बदललंत का? स्वस्तातलं आणलंत?"

मालकांचा चेहरा तांबडा झाला. "बदलणार होतो. तिने नाही बदलू दिलं. गिअरबॉक्सच्या पुस्तकात लिहिलंय तेच आणा, नाहीतर मी हात लावणार नाही म्हणाली. इतकी तत्त्वाची बाई तेल विकेल असं मला वाटलं नव्हतं हो." ते खुर्चीत मागे रेलले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले.

बाई खुर्चीकडे बघत राहिल्या. "छान खुर्ची आहे. आवाज नाही."

"ही? ही तर बोंबलायची. सध्या शहाण्यासारखी वागतेय."

बाईंनी दुसरा रुमाल काढला. मालकांना उठवून खुर्चीखालचा दांडा पुसला.

मेहुणा

मेहुणा वर्कशॉपमध्ये मोजपट्टी घेऊन उभा होता. खडूच्या रेघा त्याच्याच.

"निकाल लागायच्या आधीच मांडामांड?"

"मॅडम, वेळ म्हणजे... वेळ कुणासाठी थांबते का? सोमवारी माझे टायर येणार." त्याने पट्टी झटक्यात गुंडाळली. "आणि मला चोर समजू नका. मी इथे नेहमी येतो, पण उघड येतो. पूर्वी फाटक उघडलं की सगळ्या यार्डाला कळायचं, आले पाहुणे. आता फाटकाचाही आवाज नाही. आत येऊन उभा राहतो तरी कुणी बस म्हणत नाही."

"फाटक कधीपासून गप्प आहे?"

"मला काय ठाऊक? थांबा... मी ट्रकचे सुटे भाग द्यायला मंगळवारी येतो. एका मंगळवारी ओरडलं नाही. दीड महिना झाला असेल. बहिणीला म्हटलंसुद्धा, आज फाटकाने माझा अपमान केला."

"फाटकाला तेल कुणी घातलं?"

"या यार्डात? इथे तहानलेल्याला पाणी घालत नाहीत, फाटकाला तेल कोण घालतो!"

मिस्त्रीण

ती वर्कशॉपच्या दाराबाहेर, उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला उभी होती. किल्ली नाही म्हणून आत पाऊल टाकायचं नाही असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

"बस अगं," बाई म्हणाल्या आणि स्वतः एका टायरवर बसल्या. "तेल विकलंस?"

"नाही."

"ओतलंस?"

"पाचही सोमवार. दुपारी चारला. गाडी दिवसभर फिरून गरम होऊन येते, सपाट जागी लावते, इंजिन चालू ठेवते आणि मग डिपस्टिक बघते. पट्टीवर खूण असते, तेल त्या खुणेपर्यंत हवं. दर वेळी दोन बोटं खाली."

"इंजिन चालू ठेवून?"

"या गिअरबॉक्सचं तसंच बघायचं असतं. पुस्तकात आहे."

बाईंनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. वहीत मात्र काहीतरी लिहिलं.

"मला वाटलं माझ्याच हाताचा दोष," मिस्त्रीण म्हणाली. तिचा आवाज आता कुठे हलला. "गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनचं पॅकिंग दोनदा बदललं. गाडीखाली पुठ्ठे पसरले. सकाळी पुठ्ठे कोरडे. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या कापडाने पुसून बघितल्या. तासन् तास त्या फळीवर झोपून वर बघत होते. एक थेंब नाही. तेल काय हवेत विरतं?"

फळी म्हणजे चार चाकं लावलेली लाकडी पाट्यांची घसरगाडी. तिच्यावर पाठ टेकून ती ट्रकखाली सरकायची. बाईंनी पायाने फळी ढकलली. फळी एकही शब्द न बोलता भिंतीपर्यंत गेली.

"हिला तेल कधी घातलंस?"

मिस्त्रीण गोंधळली. "मी नाही घातलं. मला वेळ कुठे होता? ही तर चिवचिवायची... अरे हो की."

तिसरा रुमाल.

गिअरकाका

काका यार्डाच्या टोकाला त्यांच्या जुन्या ट्रकशेजारी बसले होते. या जुन्या ट्रकवर त्यांनी बावीस वर्षं काढली होती. सहा आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी तो निवृत्त झाला आणि काकांना ऑटोमॅटिक ट्रक मिळाला. काका भाकड गाईजवळ बसावं तसे त्याच्या चाकावर हात फिरवत होते.

"नवी गाडी कशी होती?" बाईंनी विचारलं.

"गाडी कसली, लिफ्ट आहे ती. बटण दाबा आणि बसा. गिअर नाही, क्लच नाही. माणसाने करायचं काय?" बोलता बोलता त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला आणि रिकाम्या हाताने हवेत गिअर टाकला. "हसू नका बाई. पायाला कोण सांगणार?"

"मी हसत नाही. मी अजून बंद पडलेल्या लँडलाइनकडे धावते. रोज सकाळी गाडी तपासता?"

"हे काय विचारणं झालं! चौतीस वर्षं. चावी लावायच्या आधी हवा, पाणी, तेल. इंजिन थंड, गाडी शांत. पट्ट्या काढायच्या, पुसायच्या, बघायच्या, मगच चावी. माझ्या हातातली गाडी आजवर तेलावाचून मेलेली नाही."

"परवा मेली."

काकांचा चेहरा उतरला. "ती तेलावाचून नाही मेली."

"मग?"

"जाऊ द्या."

"काका, त्या पोरीचं लायसन जाईल संध्याकाळी."

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "पोरगी गुणाची आहे. बापाच्या माघारी स्वतःच्या हिमतीवर शिकली. जरा हात सैल आहे, एवढंच. ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही."

"हात सैल? कशाचा?"

काका उठले आणि चालायला लागले. जाता जाता डावा पाय पुन्हा एकदा दाबला गेला.

रुमाल

दुपारी एक. मालकांच्या टेबलावर बाईंनी रुमाल पसरले. आणखी दोन रुमालांवर त्यांनी स्वतः थेंब पाडले होते.

पिंपातलं ताजं तेल: लालभडक.

जळालेल्या गिअरबॉक्समधलं: काळं, वास डोक्यात जाणारा.

आणि फाटक, खुर्ची, फळी. गंजाचा चुरा बाजूला केला तर तिन्ही रुमालांवर एकच रंग. लाल, पण थोडा मळकट. वापरलेलं, पण निरोगी.

"हे काय चाललंय?" मालकांनी विचारलं. "माझी खुर्ची संशयित आहे का?"

"तुमची खुर्ची साक्षीदार आहे," बाई म्हणाल्या. "नीट बघा. फाटकाला लागलंय ते पिंपातलं तेल नव्हे. ताजं असतं तर भडक असतं. जळल्यानंतरचंही नव्हे. म्हणजे ते धडधाकट गिअरबॉक्समध्ये काही दिवस फिरून बाहेर आलंय. गळून आलं असतं तर गाडीखाली सापडलं असतं. विकायला काढलं असतं तर कुणी ते फाटकाला पाजलं नसतं. चोर चोरीच्या मालाने मालकाची खुर्ची कशाला गप्प करेल?"

"म्हणजे कुणीतरी गाडीतून तेल काढत होतं?"

"बारीक नळीने. पट्टी ज्या भोकात जाते त्या भोकातून."

मालकांनी माशांकडे पाहिलं. मासे मालकांकडे बघत होते.

"कोण?" मालक पुटपुटले.

"त्याहून अवघड प्रश्न वेगळा आहे. का?"

बाई एकट्याच यार्डाच्या टोकाला गेल्या. काका जेवायला गेले होते. गुडघ्यांना शिव्या देत बाई जुन्या ट्रकच्या पायरीवर चढल्या आणि दार उघडलं. सीटवर ताडपत्री होती. त्यांनी ती उचलली, खाली बघितलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं, आणि पुन्हा होती तशी झाकून ठेवली.

खाली उतरल्यावर त्यांनी एक रुमाल काढला. या वेळी मात्र खरंच डोळे पुसले.

चार वाजता

यार्डात त्याच बनावटीचा दुसरा ऑटोमॅटिक ट्रक होता. तो सकाळपासून फिरून आला होता. बाईंनी तो सपाट जागी लावायला सांगितला. सगळ्यांना बोलावलं. मिस्त्रीण उंबऱ्याबाहेर होती तिथून आली. मेहुणा मोजपट्टीसकट आला. काका सर्वांत मागे.

"इंजिन चालू ठेवा," बाई म्हणाल्या. "अगं, तू बघ आता."

मिस्त्रिणीने पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि सर्वांसमोर धरली. तेल बरोबर खुणेवर.

"मालक, बघितलंत? मेहुणे, तुम्ही? ठीक. इंजिन बंद करा. चावी माझ्याकडे द्या. आता कुणीही गाडीला हात लावायचा नाही. चहा सांगा."

अर्धा तास. चहा आला, प्याला गेला. मेहुण्याने तीनदा घड्याळ बघितलं. "पाचला अहवाल आहे ना मॅडम? की चहाचाच विमा काढायचाय?"

"काढणारच आहे," बाई उठल्या. "काका, पुढे या. तुमचा चौतीस वर्षांचा अनुभव. इंजिन बंद आहे. सकाळी बघता तशी पट्टी बघा."

काका पुढे आले. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. आणि त्यांची नजर भिजल्यासारखी मऊ झाली. ती त्यांनी मिस्त्रिणीकडे वळवली. किती सैल गं हात तुझा, असं ती नजर म्हणत होती.

तेल खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"अहो!" मालक ओरडले. "आत्ता तर बरोबर होतं! कुणी ओतलं?"

"कुणीच नाही. आपण सगळे इथेच होतो. काका, सकाळी तुम्हाला पट्टी अशी दिसली तर काय करता?"

काकांनी एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा मिस्त्रिणीकडे. मग खिशात हात घातला. खिशातून करंगळीपेक्षा बारीक, पारदर्शक, दोन हात लांब नळी बाहेर आली. आतून गुलाबी झालेली.

"माझी नळी!" मालक म्हणाले.

"वरचं दोन बोटं काढतो," काका म्हणाले. "तेल जास्त झालं की फेसाळतं, गिअरबॉक्स खराब होतो. पोरीच्या हातून सोमवारी जास्त पडायचं. मंगळवारी सकाळी मी गुपचूप काढून घ्यायचो. तिला कोण बोलणार? बाप नाही तिला. तिची चूक मी झाकत होतो, बाई. विकलं नाही एक थेंब. सगळं ठेवलंय. थोडं फाटकाला, खुर्चीला आणि तिच्या फळीला दिलं. ती चिवचिव ऐकून माझ्याच पाठीत कळ यायची."

मिस्त्रीण पांढरीफटक पडली होती. पण सगळ्यांत आधी तिलाच समजलं होतं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली. "इंजिन बंद असताना बघत होता?"

"मग काय चालू असताना बघू? तेल कधी चालू गाडीत बघतात का?"

"याचंच बघतात. इंजिन चालू असताना हे तेल सगळ्या गिअरबॉक्सभर, कूलरभर फिरत असतं. बंद केलं की ते खाली उतरून पॅनमध्ये जमतं. पट्टीला वाटतं जास्त झालं. जास्त नसतं हो. घरातली सगळी माणसं एका खोलीत बसली म्हणून वाढत नाहीत."

"पट्टीवर लिहिलेलं असतं," बाई म्हणाल्या.

"पट्टीवरचं कोण वाचतं? पट्टी बघायची असते." काकांचा आवाज चिरकला. नळी त्यांच्या हातातून खाली पडली. "म्हणजे... ती चढावर..."

"सपाट रस्त्यावर दोन लिटर कमी असलेलं खपून गेलं. चढावर, मागे बस, तेल मागच्या बाजूला सरकलं. पंपाने तेलाऐवजी हवा ओढली. गिअरबॉक्स जळला," बाई म्हणाल्या.

बाईंनी यार्डातल्या पोराटोरांना नव्हे, खुद्द मेहुण्याला जुन्या ट्रककडे पिटाळलं. "ताडपत्रीसकट सगळं आणा. सांडू नका. पुरावा आहे."

मेहुण्याने तीन खेपा केल्या. पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या, झाकणं घट्ट, चहाच्या टेबलावर ओळीने. मळकट लाल. अकरा भरलेल्या, बारावी अर्धी.

"मोजा," बाई म्हणाल्या.

"साडेअकरा," मालक म्हणाले. "अर्धी फाटकाला आणि खुर्चीला गेली असेल. बारा."

"कार्डावर किती?"

"दहा."

"ओतलंच नसतं तर बाहेर कुठून आलं असतं? तिने लिहिलेलं प्रत्येक लिटर तिने ओतलंय, आणि ते तुमच्या टेबलावर उभं आहे. आणि वरचे दोन? ते पहिल्या मंगळवारचे, आणि गिअरबॉक्समध्ये नेमके तेवढेच कमी निघाले. त्याआधी तिने वर एक थेंबही घातला नव्हता. म्हणजे सर्व्हिसला भरलेलं तेल तंतोतंत होतं. सहा मंगळवार यांनी काढलं, पाच सोमवार तिने घातलं. एकमेकांची चूक समजून दोघं एकच गाडी वाचवत होते. तिला वाटलं आपल्याच हाताने गळतंय. यांना वाटलं तिच्या हाताने जास्त पडतंय. एकदा जरी एकमेकांना विचारलं असतं!"

बाईंनी वही उघडली आणि उभ्याउभ्या लिहिलं, मोठ्याने वाचत: "देखभाल निर्दोष. नोंदी खऱ्या. नुकसान तपासण्याच्या पद्धतीतल्या प्रामाणिक चुकीने. विमा मंजूर करावा." सही. पाचला सात कमी.

मिस्त्रिणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून काहीतरी आवाज आला. रडण्याचा की हसण्याचा, तिलाही सांगता आलं नसतं.

किल्ली

मालकांनी खिशातून वर्कशॉपची किल्ली काढली. ती पुढे करताना त्यांची मान खाली होती.

मिस्त्रिणीने किल्ली घेतली नाही.

"आधी त्या रेघा," ती म्हणाली.

मालक वळले. "मेहुणे, तो खडू पुसा."

"मी? दाजी, बादली कुठे, फडकं कुठे..."

"तुमच्या खिशात रुमाल असेल," मिस्त्रीण म्हणाली. "नसेल तर बाईंकडे आहेत."

मेहुणा गुडघ्यावर बसला. यार्डातले सगळे ड्रायव्हर दारात येऊन उभे राहिले. कुणीतरी शिट्टी वाजवली. शेवटची रेघ पुसली गेली तेव्हा तिने किल्ली घेतली आणि पुसलेल्या फरशीवर पाऊल टाकलं.

काकांनी टेबलावर ट्रकची चावी ठेवली होती. "माझं वय झालं पोरी. तुझं लायसन मीच घालवलं असतं."

"उचला ती."

"अगं..."

"उचला म्हणते ना. चौतीस वर्षं रोज सकाळी पट्टी बघणारा माणूस मला या धंद्यात दुसरा सापडणार नाही. फक्त सोमवारी चारला माझ्याबरोबर बघायची, इंजिन चालू. आणि माझ्या फळीला तेल घालत जा. पण माझ्या डब्यातलं."

काकांनी चावी उचलली. मुठीत घट्ट धरली.

चढ

गिअरबॉक्स तिने स्वतः उघडला, धुतला, नव्या प्लेटा बसवल्या. नऊ दिवस. दहाव्या दिवशी सकाळी सगळं यार्ड त्या चढाच्या पायथ्याशी उभं होतं. वाकलेला दिव्याचा खांब अजून तसाच होता.

"मागे काय लावायचं?" मालकांनी विचारलं. "वजन तर हवं."

"आहे की," मिस्त्रीण म्हणाली.

काकांचा जुना ट्रक, बावीस वर्षांचा, पुढची चाकं हवेत. काकांनी त्याला स्वतःच्या हाताने साखळी लावली, बॉनेटवर थाप मारली आणि नव्या ट्रकमध्ये चढले. मिस्त्रीण शेजारी बसली. काकांचा डावा पाय दाबला गेला, हवेत गिअर पडला.

"पडला का गिअर?" तिने विचारलं.

"कधीचाच," काका म्हणाले.

ट्रक निघाला. चढाच्या मध्यावर, जिथे ठोकळ्याने घासलेली खूण अजून रस्त्यावर होती, तिथे इंजिनाचा सूर जराही बदलला नाही. गिअर एकामागून एक आपोआप पडत गेले. खाली मालक ओरडत होते, ड्रायव्हर टोप्या उडवत होते आणि रस्त्यापलीकडच्या गॅरेजात मेहुणासुद्धा टायरवर चढून बघत होता. माथ्यावर पोचल्यावर काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हॉर्न दाबला तो दाबूनच ठेवला. मिस्त्रिणीने त्यांचा हात काढला नाही.

मग सपाट जागा बघून, इंजिन चालू ठेवून, दोघांनी मिळून पट्टी काढली.

तेल खुणेवर होतं.

गिअरकाकांनी त्या ट्रकची पट्टी अगदी पहिल्यांदा काढली तेव्हा त्या पहिल्या मंगळवारी सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, इंजिन बंद होतं, आणि तेल तेव्हाही बरोबरच होतं.